उसनी मागचाल

सकाळी साडेआठला खुशाल नेवारे तिसऱ्या मजल्यावर येऊन उभा राही आणि गाड्या एकेक करून वर येऊ लागत. गाडीत कोणी नसे. मालक खाली फाटकाशी उतरून लिफ्टकडे गेलेला असे. गाडी आपली आपण वळणं घेत, चढ चढत वर येई आणि पांढऱ्या पट्टीपाशी थांबे. तिथून पुढे मात्र तिला जाता येत नसे. शेवटचे आठ मीटर माणसाच्या हातानं, आणि तेही उलटे, असा कायदाच होता. खुशाल दार उघडून आत बसे, मान मागे वळवी, गाडी दोन खांबांच्या मध्ये नेऊन लावी, उतरे आणि पुढच्या गाडीकडे जाई. साडेदहापर्यंत अशा चौतीस गाड्या. चार वर्षं त्याचं हेच चाललं होतं.

बासष्टाव्या वर्षी चौतीस वेळा बसणं-उठणं सोपं नव्हतं. प्रत्येक सीट दुसऱ्याच्या शरीराच्या मापाची. एकाच्या गाडीत गुडघे हनुवटीला लागत, दुसरीत पाय पेडलपर्यंत पोचत नसत. मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊलाच काँक्रीट तापायला लागे आणि शेवटच्या दहा गाड्या तो नुसत्या सवयीवर ओढून काढी.

माणसं स्वतः गाड्या चालवत होती त्या काळात पार्किंगवरून लोकांचे सरळसरळ दोन पक्ष होते. एक पक्ष जागा दिसली की तोंडानं आत घुसणाऱ्यांचा. ‘आधी लावून टाक, निघायचं निघताना बघू,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरा पक्ष उलटी लावणाऱ्यांचा. पहिल्यांना वाटे, हे दुसरे उगाच शहाणपणा मिरवतात. मागे दहा गाड्या खोळंबवून आरशात बघत बसतात. दुसऱ्यांना वाटे, पहिल्यांना उद्याची काळजी म्हणून नाही. यावरून नवरा-बायकोत भांडणं होत, शेजाऱ्यांत अबोले होत. खुशाल जन्माचा दुसऱ्या पक्षाचा. अग्निशमन दलात बत्तीस वर्षं त्यानं बंब चालवला होता, आणि बंबाचं तोंड कायम रस्त्याकडे असावं लागतं. "आत येताना माणसाजवळ वेळ असतो," तो म्हणे, "निघताना नसतो."

पुढे गाड्या स्वतःच चालू लागल्या, स्वतःच लागू लागल्या, आणि हा वाद मिटल्यासारखा झाला. डॉ. शर्वरी पाठराबे यांच्या शोधानं तो पुन्हा उकरला.

डॉ. पाठराबे मेंदूच्या अभ्यासक. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी पुढे नेताना माणूस डोळ्यांमागून जातो; डोळा जिथे, हात तिथे. मागे नेताना मात्र सगळं उलटतं. आरशातलं डावं कुठलं, उजवं कुठलं, स्टिअरिंग इकडे कापलं तर गाडीचा मागचा भाग कुठे जाईल, याचा हिशोब मेंदूला दोन नकाशे समोर ठेवून करावा लागतो. एक नकाशा सीटवरून दिसणारा, दुसरा आकाशातल्या घारीला दिसेल तसा. या नकाशांची अदलाबदल मेंदूच्या आतल्या भागात, समुद्रघोड्याच्या आकाराच्या एका इवल्याशा तुकड्यात होते. आणि म्हातारपणी स्मृती जाण्याचा जो आजार असतो, तो नेमका याच तुकड्यापासून सुरू होतो.

नकाशा बदलण्याच्या क्षणी हात जरासा अडतो. डोळ्याला न दिसण्याइतका, पापणी लवण्याच्याही दहाव्या हिश्शाएवढा. या अडण्याला डॉ. पाठराबेंनी ‘थबक’ म्हटलं. चालीवरून माणूस ओळखू यावा तशी गाडी मागे घेण्याची प्रत्येकाची एक लकब असते. तिला त्यांनी नाव दिलं ‘मागचाल’. पार्किंगच्या जमिनीत बसवलेल्या पट्ट्या ही मागचाल वाचू लागल्या. एखाद्याची थबक महिन्यामहिन्यानं लांबत गेली, की तिला ‘ढळ’ म्हणायचं. ढळ दिसला की सहा ते आठ वर्षांत त्या माणसाची स्मृती जायला लागणार, हे जवळजवळ नक्की.

सुरुवातीला सगळ्यांना ती मोठी सोय वाटली. आजार आधी कळला तर औषध वेळेवर देता येईल. औषध दोन वर्षांत येणार होतं. ते आलं नाही. कळणं तेवढं आलं.

मग ज्याच्या मागचालीत ढळ, त्याला जबाबदारीच्या कामावरून बाजूला करण्याचा नियम झाला. मुलीसाठी स्थळ बघताना वडलांची मागचाल विचारू लागले. लोक घाबरून तोंडानं गाड्या लावू लागले, तर सरकारी इमारतींत आणि मोठ्या कचेऱ्यांत गाडी स्वतःच्या हातानं उलटी लावणं सक्तीचं झालं. गाडीच्या आत कॅमेरा लावायला कोर्टानं मनाई केली होती. त्यामुळे पट्टीला गाडीचा नंबर कळे, आत कोण बसलंय ते कळत नसे. एवढ्या फटीतून खुशालसारख्यांचा धंदा निघाला. खालच्या केबिनमधल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. पण त्याच्या वरिष्ठाची गाडीही त्या चौतिसांत होती.

खुशालला यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याला स्वतःचं मरण कधी येणार हे ऐकायचं नाही, त्याला ते जबरदस्तीनं का ऐकवावं? तो आपला गाड्या लावत होता.

त्या दिवशी सोळावी की सतरावी गाडी लावून तो उतरला, तर जिन्याच्या दाराशी हेमंत लांजेवार उभे होते. पाणीपुरवठ्याचे मोठे इंजिनिअर, पन्नाशीचे, अंगानं भरलेले. एरवी फाटकावरच हात हलवून जाणारे. आज तीन मजले चढून आले होते.

"काका, हे बघा."

त्यांनी हातातला कागद पुढे केला. पिवळा कागद. तो कसला असतो हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. खुशालनं चष्मा लावून वाचलं. ‘आपल्या मागचालीत सलग सात महिने ढळ आढळला आहे.’

"पण साहेब, तुमची गाडी तर मी लावतो."

"तेच तर म्हणून राहिलो मी! चार वर्षांत मी एकदाही स्टिअरिंगला हात नाही लावला. मग माझी मागचाल बिघडली कशी?" लांजेवारांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, बाजूनं कोणीतरी जात होतं. "तुम्ही नीट लावता ना, काका? घाईत, कसंतरी, असं तर नाही ना होत?"

खुशालला ते लागलं. बत्तीस वर्षांत बंबाला एक ओरखडा न पाडलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कळतं का विचारण्यासारखं होतं. पण त्यानं साहेबांचा चेहरा पाहिला आणि राग बाजूला ठेवला. त्यांना घेऊन गाडीपाशी गेला. डावीकडे खांबापर्यंत वीत मोजली, उजवीकडे मोजली. दोन्हीकडे सारखीच.

"बघा. यंत्रच बिघडलं असंल जी."

"यंत्र बिघडलं असं मी सांगू कोणाला? आणि कसं सांगू?" लांजेवार म्हणाले. "गाडी मी लावतच नव्हतो, असं?"

ते उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेले.

पुढच्या महिना-दीड महिन्यात पिवळे कागद येतच राहिले. बँकेतले एक साहेब, विम्याच्या कचेरीतल्या डोंगरे मॅडम, मग एकाच दिवशी पाच जण. काही चिडले, काही गयावया करू लागले. दोघांनी त्याला सोडून दुसरा माणूस पाहिला. खुशाल घरून पोलादी टेप घेऊन येऊ लागला. प्रत्येक गाडी लावून झाली की दोन्ही बाजू मोजायचा. बोटभरही फरक नसायचा. त्याचा त्याच्या हातांवर विश्वास होता. त्या हातांनी त्यानं धुरानं भरलेल्या बोळांतून, दोन्हीकडे चार-चार बोटं जागा असताना, बंब मागे काढले होते.

अशाच एका सकाळी, गाड्या संपत आल्या असताना, एक जुनी निळी गाडी वर आली. आत माणूस होतं. पन्नाशीची एक बाई स्वतः स्टिअरिंग धरून बसली होती. तिनं पांढऱ्या पट्टीवर गाडी थांबवली, मान वळवली आणि सावकाश मागे घेतली. खुशाल कमरेवर हात ठेवून बघत राहिला. बाई खाली उतरल्या.

"कशी लावली?" त्यांनी विचारलं.

"चांगली लावली. स्टिअरिंग जरा उशिरा कापता, पण हात साफ आहे."

त्या हसल्या. पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. बऱ्याच दिवसांत झोप न झालेल्या माणसासारख्या दिसत होत्या. "मी शर्वरी पाठराबे. आपण जरा बसून बोलू का, काका?"

बसायला तिथे होतं काय? चाक अडवायला घातलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर दोघं बसले. खुशालच्या मनात आलं, झालं, पोलिसात देणार. त्यानं आपणहून सुरुवात केली. "मॅडम, लोकांचा दोष नाही. मीच म्हटलं होतं त्यांना, मी लावून देत जाईन."

"मी त्यासाठी आले नाही." त्यांनी पर्समधून कागद काढला नाही, काही दाखवलं नाही, नुसतं समोरच्या गाड्यांकडे बघत सांगू लागल्या. "आमचं यंत्र प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःशीच ताडून बघतं. गेल्या वर्षीचे तुम्ही आणि आजचे तुम्ही. शेजाऱ्याशी नाही. त्यामुळे चार वर्षं कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पण एकाच इमारतीतून, एकाच मजल्यावरून दीड महिन्यात बत्तीस पत्रं निघाली, आणखी दोन निघायची आहेत. मला वाटलं इथल्या पाण्यात काही आहे का, हवेत काही आहे का. म्हणून मी त्या चौतीस नोंदी एकीवर एक ठेवून पाहिल्या."

"मग?"

"एकच होती. चौतिसांची थबक एकच. जुळ्या भावांचीसुद्धा इतकी सारखी नसते."

"म्हणजे यंत्रच बिघडलं ना?"

"नाही, काका. यंत्र बरोबर आहे. त्या चौतिसांमध्ये हात एकाच माणसाचा आहे."

एक गाडी वर आली, पट्टीपाशी थांबली आणि दिवे मिचकावत वाट बघू लागली. खुशाल तिच्याकडे बघत होता. बाईंनी जे सांगितलं ते समजायला त्याला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो तोंड उघडायला.

"म्हणजे मी."

"हो."

"पण गाडी तर बरोबर लागून राहिली. हे बघा, टेप आहे माझ्याजवळ. दोन्हीकडून सारखी."

"लागणारच. हात कसलेला आहे तुमचा, मेंदूची कसर तो भरून काढतो. अजून बरीच वर्षं काढेल. फक्त त्याला दर महिन्याला थोडं जास्त थांबावं लागतंय."

"चुकलं असू शकते का?"

डॉ. पाठराबे म्हणाल्या, "एका माणसाच्या एका नोंदीत चूक होऊ शकते. तुमची रोज चौतीस वेळा नोंद झाली आहे, चार वर्षं. जगात कुणाचंच निदान इतक्या वेळा झालं नसेल."

खुशालनं मान हलवली. मग अगदी हळू, तक्रार न करता म्हणाला, "मी विचारलं नव्हतं, मॅडम."

"नाही. तुम्ही विचारलं नव्हतं."

"तुम्हाला तुमचं माहीत आहे?"

"आहे. रोज स्वतः लावते. माझं चांगलं आहे." त्यांनी आपल्या निळ्या गाडीकडे पाहिलं. "म्हणूनच मला हे काम जमतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. वाईट असतं तर मी हे यंत्र दुसऱ्या कोणासाठी लावलं असतं का, कोण जाणे."

मग त्यांनी ज्यासाठी आल्या होत्या ते सांगितलं. चौतीस माणसं न झालेल्या आजारापायी कामावरून जाणार होती. ते थांबवायचं तर एकच उपाय होता. खुशालनं लिहून द्यायचं, की या गाड्या मी लावत होतो. पिवळी पत्रं काढणाऱ्या समितीशी त्यांचं बोलणं झालं होतं. फसवणुकीची कारवाई होणार नव्हती. अट एवढीच, की प्रत्येकानं येऊन एकदा स्वतःच्या हातानं गाडी मागे घेऊन दाखवायची. एका वेळच्या मोजणीनं पुरतं निदान होत नाही, पण मोठा बिघाड असेल तर तो दिसतो. नोंद स्वच्छ निघाली, की पिवळा कागद रद्द.

"आणि मी?"

"तुमच्या नावावर गाडी नाही. त्यामुळे तुमच्या नावानं पत्र निघत नाही. कागदोपत्री तुम्हाला काहीही झालेलं नाही."

खुशाल उठला. वाट बघणारी गाडी त्यानं मागे घेतली. आज पहिल्यांदाच त्याचं लक्ष मागे नव्हतं, स्वतःच्या हातांकडे होतं. कुठे थांबतात ते त्याला काही दिसलं नाही.

घरी प्रमिला गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होती. चाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या पावलांवरून तिला दिवस कसा गेला ते कळे. "काय झालं? लवकर आले."

"चौतीस लोकांना चुकीचं पत्र गेलं. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं?"

"हात खराब झाला म्हणतात."

तिनं आपला पिठानं भरलेला हात पदराला पुसला, त्याचा हात ओढून घेतला आणि उन्हात उलटासुलटा करून पाहिला. "हात तर चांगला आहे," ती म्हणाली. "लोकं काहीही बोलतात, बाप्पा. सावलीत बसा, ताक देते."

पुढचं सांगायला तो तोंड उघडणार होता. पण ती वाकून वड्या घालायला लागली होती, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. त्याला सांगवलं नाही. ताक पिऊन त्यानं कागद घेतला आणि बाईंना हवं होतं तसं लिहून दिलं.

त्या रविवारी पार्किंगच्या सर्वांत वरच्या गच्चीवर फेरतपासणी ठेवली होती. डॉ. पाठराबेंनी चौतिसांनाही स्वतः फोन केले होते. खुशाल आठ वाजताच जाऊन उभा राहिला. आपल्यामुळे अडकलेली माणसं सुटताना बघावीत, एवढीच त्याची इच्छा होती.

पहिल्या आल्या डोंगरे मॅडम. चार वर्षांत त्यांनी एकदाही गाडी मागे घेतली नव्हती. दोनदा गाडी तिरकी गेली, तिसऱ्यांदा बंपर खांबाला लागला. चौथ्यांदा लागली कशीबशी. डॉ. पाठराबेंनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची थबक छान आहे. काही नाही तुम्हाला." डोंगरे मॅडम तिथेच रडू लागल्या, आणि रडत रडतच खुशालला म्हणाल्या, "काका, राग मानू नका हो." कशाचा राग, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दहा वाजता एक जण आला, अकराला आणखी एक. दोघांच्याही नोंदी स्वच्छ निघाल्या. त्यानंतर कोणी आलं नाही. ऊन चढलं. बारा वाजले, एक वाजला. डॉ. पाठराबे पुन्हा फोन लावत होत्या. कोणी उचलत नव्हतं, कोणी उचलून ‘बघतो’ म्हणत होतं.

"एकतीस जण," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं, की येऊन गाडी मागे घ्यायची. दोन मिनिटं. मला कळत नाही."

"आपण थांबू अजून," खुशाल म्हणाला.

चारपर्यंत ते थांबले. मग बाईंच्या मदतनिसांनी यंत्र गुंडाळलं.

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचं काम सुटलं. खुशाल घरी बसू लागला. बाई अधूनमधून फोन करत, तब्येत विचारत, आणि एकदा बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली. मेंदूतला तो तुकडा वापरावा तसा राहतो. ज्याला एकट्याला बाहेर जाऊ देत नाहीत, वाट शोधावी लागत नाही, काही लक्षात ठेवावं लागत नाही, त्याचा तो तुकडा बारीक होत जातो. आजार असो वा नसो. "म्हणून तुम्ही रोज नव्या रस्त्यानं फिरायला जा," त्या म्हणाल्या. खुशालला आपल्यापेक्षा त्या एकतीस जणांचीच आठवण आली.

दोन-अडीच महिन्यांनी, रस्ता विचारत विचारत, तो लांजेवारांच्या घरी गेला.

साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. अंग उतरलं होतं. नोकरीवरून त्यांना आधी कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, मग घरीच पाठवलं, एवढं खुशालनं ऐकलं होतं. साहेबांच्या मिसेस बाहेर आल्या, पाणी दिलं आणि नवऱ्याच्या देखतच सांगू लागल्या, जणू ते तिथे नव्हतेच. "आता एकटं नाही सोडत आम्ही. मुलानं गाडीची किल्ली काढून घेतली. डब्यांवर नावं लिहिली, न्हाणीघराच्या दारावरही लिहिलं. सकाळ-संध्याकाळ ताकदीच्या गोळ्या मीच देते. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला ताण नको."

"काकांना चहा..." लांजेवारांनी सुरुवात केली.

"टाकलाय मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा निवांत." आणि आत गेल्या.

समोरच्या घरापाशी एक गाडी कोणी नसताना सावकाश आत शिरत होती. खुशालनं ती पूर्ण लागेपर्यंत पाहिलं.

"साहेब, त्या रविवारी मी वाट पाहिली तुमची."

"माहीत आहे."

"दोन मिनिटांचं काम होतं. कागद रद्द झाला असता. हा आजार तुमचा नाही, माझा आहे. मी लिहून दिलं ना तसं."

"हो ना," लांजेवार म्हणाले, आणि आवाज खाली आणून पुढे झुकले. "हा आजार माझा नाही, हे मला पक्कं माहीत आहे, काका. रात्री झोपताना मी हेच घोकतो. घरचे काही म्हणोत, कचेरी काही म्हणो, मला काही झालेलं नाही. आता मला सांगा, मी त्या दिवशी आलो असतो, गाडी मागे घेतली असती, आणि खरंच निघाला असता तर? माझ्या हातात, माझा स्वतःचा? मग माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

या माणसाला सोडवायला तो आला होता. त्याला सुटायचंच नव्हतं. दुसऱ्याचा आजार साहेबांनी घराच्या दारावर पाटीसारखा लावला होता, म्हणजे स्वतःच्या आजारानं आत येऊ नये. आणि असे एकतीस जण होते. एकतीस घरांत डब्यांवर नावं लिहिली जात होती, किल्ल्या काढून घेतल्या जात होत्या, अर्धी वाक्यं बायका पुरी करत होत्या.

"काकांना चहा..." लांजेवार पुन्हा म्हणाले.

"टाकला म्हणाल्या ताई," खुशाल म्हणाला.

"हो का? हो." ते जरा ओशाळले. मग आतल्या दाराकडे नजर टाकून कुजबुजले, "काका, एक मदत करा माझी. दर महिन्याला डॉक्टर विचारतात, काय विसरलं, कसं वाटलं. घरचेही विचारतात. मला काही होतच नाही, तर सांगू काय? काही नाही म्हटलं की संशय घेतात, पुन्हा तपासणीला नेऊ म्हणतात. तुम्हाला खरं होतं. तुम्हाला काय काय होतं, ते मला सांगत जा."

खुशालनं त्यांच्याकडे पाहिलं. विनोद नव्हता. साहेब अगदी कळकळीनं मागत होते. आणि खुशाल इतका थकला होता, की प्रमिलेलाही न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून आपोआप निघाली.

"मागच्या मंगळवारी मी आमच्याच चौकात उभा होतो," तो म्हणाला. "औषधाचं दुकान ओळखलं. इस्त्रीवाला ओळखला, त्याच्या पोराचं नावसुद्धा आठवलं. पानठेला, पिठाची गिरणी, सगळं जिथल्या तिथे. फक्त या सगळ्यांपैकी कोणाच्या बाजूनं माझ्या घराकडे वळायचं, ते सापडेना. पाच मिनिटं उभा होतो. लाजेनं कोणाला विचारलं नाही. पायच कधीतरी आपले वळले."

लांजेवार एकाग्र होऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत ते पाठ करायला घेतलं. "मंगळवारी चौकात उभा होतो. औषधाचं दुकान ओळखलं. मग..." ते थांबले. कपाळाला आठी पडली. "मग कोण म्हणालात, काका?"

"इस्त्रीवाला."

"हां, इस्त्रीवाला. मंगळवारी चौकात... औषधाचं दुकान... मग..."

ते पुन्हा थांबले. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. खुशालनं खुर्ची जवळ ओढली, आणि आवाज खाली आणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.